एका पेनीचा जामीनदार

इंग्लंडात जुन्या मोटारी विकणारा माणूस फार गोड असतो. तुम्ही आवारात पाऊल टाकताच तो पावसापाण्याची चौकशी करतो, चहात साखर किती ते विचारतो आणि आमची सांगली कुठे आहे हे ठाऊक नसतानाही तिकडे एकदा यायचंच आहे म्हणून सांगतो. त्याच्याकडच्या प्रत्येक गाडीची आधीची मालकीण एक सज्जन म्हातारी असते आणि ती फक्त रविवारी चर्चला जाण्यापुरती गाडी बाहेर काढत असते. आपल्याकडे जुनी गाडी नेहमी डॉक्टरने वापरलेली असते, त्यातलाच हा प्रकार. हे डॉक्टर आणि या म्हाताऱ्या नसत्या तर दोन्ही देशांतला जुन्या गाड्यांचा धंदा कधीच बसला असता.

हा सगळा गोडवा एका प्रश्नाने नासतो.

"क्रेडिट कार्ड चालेल ना?"

एकाचं मशीन त्याच दिवशी सकाळी बिघडलं होतं. दुसऱ्याचं दुरुस्तीला गेलं होतं. आणखी एकाचं समोर टेबलावर हिरवा दिवा लावून बसलं होतं, पण ते म्हणे फक्त डेबिट कार्ड ओळखतं. एकजण म्हणाला, "चालेल की. वर दोन टक्के द्यावे लागतील." मी नम्रपणे म्हटलं, "13 जानेवारी 2018 पासून ग्राहकाच्या कार्डावर असा अधिभार घेणं बेकायदा आहे." तोही तितक्याच नम्रपणे म्हणाला, "मग नाही चालत." एकाने तर मला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि कानात सांगितलं, "बँक ट्रान्सफरच करा. तुमच्याच सुरक्षिततेसाठी म्हणतोय." माझ्या सुरक्षिततेची इतकी काळजी आईनंतर त्यानेच केली.

हा प्रश्न विचारायची बुद्धी मला आपण होऊन झालेली नव्हती. ती काकांची. आमच्या मंडळातले हे काका 1974 साली इंग्लंडात आले. त्याच वर्षी इथल्या पार्लमेंटने कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट मंजूर केला. काकांना हा योगायोग वाटत नाही. त्या कायद्याचं पंचाहत्तरावं कलम ते गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळी फराळाच्या रांगेत आणि एकदा तर एका शोकसभेतही समजावून सांगताना आढळले आहेत. मंडळात त्यांना सगळे 'पंचाहत्तर' म्हणतात. वयामुळे म्हणतात असं त्यांना वाटतं, आणि तसं त्यांना वाटू दिलेलं बरं.

मी गाडी घेतोय हे कळताच त्यांनी माझ्या हातातली साबुदाणा वड्याची बशी काढून खाली ठेवली.

"पैसे कसे देणार?"

"रोख. साठवलेत ना."

"गाढवा," काका म्हणाले. "रोखीने घेणाऱ्याला या देशात कुणी विचारत नाही. वस्तू शंभर पौंडांहून महाग आणि तीस हजारांपर्यंतची असली, आणि त्यातली थोडी जरी रक्कम क्रेडिट कार्डावर दिली, की कार्डाची बँक पूर्ण व्यवहाराला जबाबदार. दुकानदार बोलला तशी गाडी निघाली नाही, नादुरुस्त निघाली, दुकानदार बुडाला, पळाला, तरी जे त्याच्याकडे मागायचं ते सगळं बँकेकडे मागायचं."

"थोडी म्हणजे किती?"

"एक पेनी."

"एक पेनी?"

"गाडीची किंमत शंभराच्या वर पाहिजे. कार्डावर किती भरायचे यावर कायद्याने काही म्हटलेलं नाही."

"आणि डेबिट कार्डावर भरले तर?"

मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथे चार्जबॅक असतो. तो कार्डवाल्यांनी आपापसात ठरवलेला नियम. कायदा नव्हे. कायदा उधारीवाल्याच्या बाजूने आहे."

ज्या घरात मी वाढलो तिथे हे वाक्य उच्चारणंही शक्य नव्हतं. माझे वडील सांगलीकडच्या एका पतपेढीत वसुली अधिकारी होते. त्यांची स्कूटर रोखीने घेतलेली. ती सुरू करताना रोज सकाळी एका अंगावर तिरकी करावी लागे, पण ती आपल्या पैशाने तिरकी होते आहे याचं त्यांना समाधान होतं. 'आज रोख उद्या उधार' ही पाटी लोक दुकानात लावतात, आमच्याकडे ती न लावताच दिसायची. मी फोनवर क्रेडिट कार्डाचं नाव काढल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैसे कमी पडतायत का? मोकळेपणाने सांग. मी एफडी मोडतो."

एफडी मोडायची वेळ आली नाही, कारण मला कार्डच कुणी देईना. बँकेने सांगितलं, तुमचा क्रेडिट इतिहास नाही. मी आजवर कुणाचं काही देणं लागलो नव्हतो, हप्ता चुकवला नव्हता, कुणाकडून हातउसने घेतले नव्हते, आणि नेमक्या याच कारणासाठी माझ्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. बाबांच्या पतपेढीत असा माणूस आला असता तर त्याला संचालक केलं असतं.

"मतदार यादीत नाव घाल," काका म्हणाले. "पत सुधारते."

हेही खरं निघालं. आपण भारतीय नागरिक असलो तरी राष्ट्रकुलातले, त्यामुळे इथे रीतसर राहणाऱ्या आपल्या माणसाला मतदान करता येतं, आणि उसने देणाऱ्या कंपन्या माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का हे त्या यादीत पाहतात. मी नाव घातलं. पुढे एक उमेदवार दारात आला आणि त्याने अदबीने विचारलं, "आपल्या दृष्टीने या निवडणुकीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?" खरं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी कचऱ्याचे डबे असं सांगितलं.

यादीत नाव येऊन पत उगवेपर्यंत थांबायला मी काही शेतकरी नव्हे. दरम्यान एक खाजगी विक्रेता पाहून आलो. घरासमोर गाडी, दारात गुलाब, आत केकचा वास. किंमतही बरी. तेवढ्यात काकांचा फोन. "खाजगी माणसाकडे कार्ड मशीन नसतं, आणि ग्राहकाचे निम्मे हक्कही त्याच्या दारातच संपतात. आणि तो खाजगी आहे तरी का? उद्या फोन कर आणि नुसतं म्हण, 'गाडीबद्दल फोन केला होता.'"

मी केला. "गाडीबद्दल फोन केला होता."

"कुठल्या?" पलीकडून आवाज आला. "निळी, पांढरी, की व्हॅन?"

केकचा वास तेवढा खरा होता.

शेवटी कार्ड सापडलं ते घरातच. बायकोकडे होतं. इंग्लंडात आल्या आल्या तिने हप्त्यावर फोन घेतला होता. त्या वेळी मी तिला काटकसरीवर बरंच काही ऐकवलं होतं, ते तिला अजून पाठ आहे. आता तिची पत उत्तम होती आणि मी तिच्या कार्डाकडे आशाळभूतपणे पाहत होतो.

"वापर की," ती म्हणाली.

"थांबा!" काका व्हिडिओ कॉलवर ओरडले. "कार्ड जिचं, खरेदीदार तीच पाहिजे. बिलावर हिचं नाव. नाहीतर देणारा, घेणारा आणि बँक यांची साखळी तुटते आणि बँक हात वर करते."

"म्हणजे गाडी माझी," बायको म्हणाली.

"कागदोपत्री."

"कागदोपत्रीच मालक असतो." तिने लगेच रंगावर मत दिलं.

मी निदान लॉगबुकात माझं नाव घालायचं ठरवलं. स्वान्सीहून येणाऱ्या या कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. तर गाडी बायकोची आणि सांभाळणारा मी. आमच्या घरातल्या व्यवस्थेचं इतकं नेमकं वर्णन एखाद्या सरकारने प्रथमच केलं होतं.

स्लाऊच्या एका टोकाला एक दुकानदार भेटला. त्याचं मशीन चालू होतं आणि क्रेडिट कार्डही ओळखत होतं. गाडी जपानी, किंमत साडेसहा हजार पौंड. तो कार्डावर शंभर पौंड अनामत घ्यायला कबूल झाला, बाकीची रक्कम बँकेतून. काकांच्या सूचनेनुसार मी विचारलं, "एक पेनी घ्याल का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बायकोला सहानुभूती दाखवली. शंभरच दिले. मशीनवर कार्ड टेकवलं, 'टूं' झालं. त्या एका 'टूं'मध्ये बँक आमच्या साडेसहा हजारांत सामील झाली आणि तिला याचा पत्ताही नव्हता.

उरलेले चौसष्टशे पाठवताना मात्र माझ्या बँकेचं ॲप हडबडलं. ही फसवणूक असू शकते. हे पैसे पाठवण्यासाठी कुणी तुमच्यावर दबाव आणत आहे का? पैसे कसे द्यायचे हे तुम्हाला कुणी पढवलं आहे का? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर 'हो, काका' असं होतं. मी 'नाही' दाबत गेलो.

गाडी ताब्यात घेताना फोडलेल्या नारळाचं थोडक्यात सांगतो. दुकानाच्या आवारात नारळ फोडताना दुकानदाराने विचारलं, ही तपासणीची काही पद्धत आहे का. बायको म्हणाली, आमच्याकडची वॉरंटी. तो मनापासून म्हणाला, "आमच्यापेक्षा बरी दिसते."

ते त्याचं एकमेव खरं बोलणं ठरलं. काही आठवड्यांत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की विचारात पडू लागली. आधी कुरकुर, मग खडखड, मग समोर एक पिवळा दिवा. मी दुकानदाराला फोन केला. "ते त्या मॉडेलचं वैशिष्ट्य आहे," तो म्हणाला. दिव्याचं काय? "तो कधीकधी लागतो." मग म्हणाला, "तुम्ही गाडी फार हळू चालवता का?" मी ओशाळून हो म्हणालो. मग त्याने विचारलं, "कधीकधी वेगात चालवता का?" तेही मी हो म्हणालो. "बघा," तो म्हणाला.

काका संतापले. 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे पहिल्या 30 दिवसांत नादुरुस्त गाडी सरळ परत करता येते, पूर्ण पैसे घेऊन. पण मराठी माणसाला विकत घेतलेलं परत करायची लाज वाटते. एकदा मी मंडईत किडकं वांगं परत करायला गेलो आणि भिडेपोटी आणखी पाव किलो घेऊन आलो. इथेही तेच. दुकानदार म्हणाला दुरुस्त करून देतो, आम्ही म्हटलं चालेल, आणि त्या चालेलमध्ये ती संधी निघून गेली. गाडी धुऊन पुसून परत आली. पिवळा दिवा लागत नव्हता. पुढे एका मेकॅनिकने सांगितलं की दिवा दुरुस्त झाला आहे, गिअरबॉक्स नाही.

त्यानंतर दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. काका मात्र खुशीत. "एक दुरुस्ती फसली की पुन्हा परत करायचा हक्क मिळतो. पहिल्या सहा महिन्यांत दोष मुळातच होता असं कायदा धरून चालतो, नव्हता हे त्याने सिद्ध करायचं. आता पंचाहत्तर लाव!" असं म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला. इतकी वर्षं ज्याचं कीर्तन केलं तो देव आता दर्शन देणार होता.

बायकोच्या नावाने तिच्या कार्डाच्या बँकेकडे दावा लावला. बँकेच्या पहिल्या मुलीने सांगितलं, तुम्ही कार्डावर शंभर पौंड भरलेत, तेव्हा फार तर शंभर मिळतील. दुसऱ्या मुलाने विचारलं, पंचाहत्तर हा तुमचा ग्राहक क्रमांक आहे का. तिसऱ्याने गाडी विकणाऱ्याशीच बोलायचा सल्ला दिला आणि आणखी काही मदत हवी का असं विचारलं. आणखी म्हणजे कशाच्या वर, हे मला कळलं नाही.

इथवर येऊन मी सोडून दिलं असतं. पण त्या रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा काका घरात होते. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि आत चहा ठेवायला गेलो. बाहेर येऊन बघतो तर इतिहास घडत होता.

"...म्हणजे दुकानदाराने नाही दिले तर बँकेने द्यायचे?" बाबा विचारत होते.

"पूर्ण. दोघांची मिळून जबाबदारी आणि एकेकट्याचीही."

"अहो, मग हा जामीनदार झाला की!"

"जामीनदारच!"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून उभे राहिले असावेत. त्यांची उभी हयात जामीनदारांकडून वसुली करण्यात गेली. कर्जदार फरार होतो, आजारी पडतो, मुंबईला जातो, पण जामीनदार गावातच असतो, हा त्यांच्या आयुष्याचा निष्कर्ष. आतापर्यंत क्रेडिट कार्ड म्हणजे मुलाने काढलेलं कर्ज असं ते समजत होते. आपल्या मुला-सुनेला एक सबंध इंग्रज बँक जामीन राहिली आहे हे त्यांना आत्ता उमगलं.

"तुमचं कलम कुठलं म्हणालात?"

"पंचाहत्तर. तुमचं?"

"एकशे एक," बाबा म्हणाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. एकशे एकचा दाखला निघाला की थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. काका अवाक झाले. समोरच्याकडे आपल्याहून मोठं कलम आहे असं त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

पुढचा पत्रव्यवहार बाबांनी हाती घेतला. मसुदा सांगलीहून येई. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की', अशी सुरुवात. मी इंग्रजी करायचो, बायको त्या इंग्रजीचं इंग्रजी करायची, काका त्यात कलमं घालायचे. प्रत्येक पत्राखाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून जिल्हा उपनिबंधकांचं नाव पाहिजेच, हा बाबांचा हट्ट. इकडे उपनिबंधक नसतात म्हटल्यावर ते हिरमुसले. मग काकांनी सांगितलं की आठ आठवड्यांत बँकेने तक्रारीचं अंतिम उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे जाता येतं, आणि ग्राहकाला त्यासाठी काही पैसे पडत नाहीत. "फुकट?" बाबा म्हणाले. "मग प्रत त्याला."

बाबांच्या तोंडी सूचना वेगळ्या होत्या. फोन नेहमी जेवायच्या वेळी करायचा. आवाज चढवायचा नाही. समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी करायची. आपण रागावलो नसून दुःखी आहोत असं दाखवायचं. मी तसं केलं. बँकेच्या एका बाईला मी तिचा मुलगा कितवीत आहे असं विचारलं आणि तिने कॉल रेकॉर्ड होत असल्याची मला आठवण करून दिली.

बँकेने तटस्थ इंजिनिअरचा अहवाल मागितला. इंजिनिअर आला, गाडीखाली झोपला, तिसऱ्या गिअरचा आवाज ऐकून बाहेर न येताच हसला. अहवाल गेला. आणि एका मंगळवारी बँकेचं पत्र आलं: दावा मान्य. साडेसहा हजारांतून आम्ही गाडी जेवढी फिरवली त्याबद्दल थोडी रक्कम कापली होती. फ्रिज सहा महिन्यांच्या आत असा परत केला तर वापराचे म्हणून एक पेनी कापता येत नाही. मोटार हा त्या नियमाला अपवाद आहे. हे काकांनाही माहीत नव्हतं, आणि आपल्याला ते आधीपासून माहीत होतं असं ते आता सगळ्यांना सांगतात.

बाबांना कळवलं. त्यांनी हिशेब पुन्हा विचारला. "त्या बँकेमार्फत दुकानदाराला गेले किती?"

"शंभर."

"आणि तिने तुम्हाला दिले सहा हजारांच्या वर?"

"हो."

थोडा वेळ शांतता. मग पतपेढीतला माणूस जागा झाला. "अरे, मग त्या बिचाऱ्या बँकेची वसुली कोण करणार?"

बँक दुकानदाराकडून ते पैसे मागू शकते, त्याच कलमात तशी तरतूद आहे, असं मी सांगितलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी ते इकडे येणार आहेत. बकिंगहॅम पॅलेस, थेम्स, ग्रिनिच या त्यांच्या यादीत स्लाऊच्या त्या दुकानाचा पत्ताही आहे. नुसतं दारात खुर्ची टाकून बसेन म्हणतात, बोलणार काही नाही.

मंडळात आता नवीन गाडी घेणाऱ्याला काका मलाच दाखला म्हणून दाखवतात, तेव्हा मला कळतं तेवढं सांगतो. कार्ड जिच्या किंवा ज्याच्या नावावर असेल, बिल त्याच माणसाच्या नावाने करा. दुकानदार गाडीबद्दल जे जे बोलतो ते लिहून घ्या, म्हाताऱ्या मालकिणीसकट. कार्डाचे शंभर पौंड स्टेटमेंटवरच्या मुदतीच्या आत पूर्ण फेडा, नाहीतर व्याज लागेल आणि माझे बाबा तुम्हाला फोन करतील. आणि गाडीची किंमत तीस हजार एक पौंड सांगितली असेल, तर हे कलम तिला लागू होत नाही. तेव्हा खुर्चीवरून उठू नका, चहा मागवा आणि काय वाटेल ते करून एक पौंड कमी करायला लावा.